अख्खी गोळी

आमच्या घरात औषधाची गोळी अख्खी गिळायची पद्धत नव्हती. तापाची असो की पोटदुखीची, आई ती ओट्यावरच्या लहान पितळी खलात टाकायची, बत्त्याचे चार ठोके द्यायची आणि ती पूड चमचाभर गुलकंदात कालवून समोर धरायची. त्याला कारण होतं. मी सहा वर्षांची असताना एक गोळी माझ्या घशात अडकली होती. मला त्यातलं फारसं आठवत नाही. पाठीवर बसणारे धपाटे आणि त्याबरोबर वाजणाऱ्या आईच्या बांगड्या, इतकंच. आईला मात्र सगळं आठवायचं. माझे ओठ कसे निळे पडले, शेजारीण कशी नुसतीच दारात उभी राहून ओरडत होती, आणि शेवटी गोळी बाहेर पडल्यावर मी पहिलं काय मागितलं तर चिवडा. त्या दिवसापासून खल ओट्यावर आला तो तिथेच राहिला. बाबासुद्धा रक्तदाबाची गोळी कुटूनच घेत. त्यांच्या घशात कधी काही अडकलं नव्हतं, पण एका घरात दोन पद्धती कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि एकदा घातलेला शिरस्ता मोडणं त्यांना आवडत नसे.

आम्ही तेव्हा नागपूरला हुडकेश्वरच्या एका नव्या लेआउटमध्ये राहायला आलो होतो. भोवतालचे निम्मे प्लॉट रिकामे, निम्म्यांवर घरं उठत असलेली. सकाळपासून कुठे बोअरवेलचं मशीन जमिनीत शिरत असायचं, कुठे काँक्रीटचा मिक्सर फिरत असायचा, आणि संध्याकाळी ते थांबले तरी कानांत तोच आवाज चालू राहायचा. माझ्या डोक्याचं तसंच होतं, फक्त ते संध्याकाळीही थांबत नसे. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि अकाउंट्समध्ये दोनदा नापास झाले होते. ज्यांना आकडे आवडत नाहीत त्यांचं नापास होणं मला समजतं. मला तर आकडे लहानपणापासून आवडायचे. बेरीज माझी चुकायची नाही. चुकायचा तो प्रवास. एका पानावरचा आकडा दुसऱ्या पानावर नेताना वाटेतच माझं लक्ष मिक्सरकडे, भिंतीवरच्या पालीकडे, नाहीतर माझ्याच हलणाऱ्या पायाकडे जायचं आणि ६८४ निघालेले ६४८ होऊन पोहोचायचे. आज मी एका पतसंस्थेत हिशेबतपासनीस आहे. नवीन मुलं अशी उलटापालट करतात तेव्हा इतरांसारखी मी चिडत नाही. ती चूक कशी होते हे मला आतून माहीत आहे.

बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांच्या पुतणीला ज्यांच्या औषधाने फरक पडला होता त्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो ते असं, थोडं भीत, थोडं संकोचत. धंतोलीत त्यांचा दवाखाना होता. त्यांनी माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं मागवून घेतली, पाऊण तास प्रश्न विचारले आणि मग सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, शरीर स्वस्थ बसत नाही, आणि यात मुलीचा दोष नाही.

आईने लगेच विचारलं, "म्हणजे आळशी नाही नं ही?"

"अजिबात नाही. ती दुप्पट राबते आणि निम्मंच हाती लागतं."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी तिला माझी जुनी थकबाकी परत केली होती. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक. चावायची नाही. भूक कमी होईल, तोंड कोरडं पडेल, झोप उशिरा येईल. पंधरा दिवसांत शरीर जुळवून घेतं, तेव्हा दाखवायला या. वाटेत बसमध्ये आई म्हणाली, "चावायची नाही म्हणे. बरं झालं, आपण तं कुटूनच देतो." बाबांनी मान हलवली. मीही हलवली. आम्ही तिघंही सूचना पाळणारी माणसं होतो.

पहिल्या सकाळचं मी काय सांगू? पोहे खाल्ले, गुलकंदातली पूड खाल्ली, आणि पुस्तक उघडलं. थोड्याच वेळात मला जाणवलं की मी एक पान वाचलं आहे. ते पान पुन्हा वाचायची गरज नाही. बाहेर मिक्सर चालू होता, मला तो ऐकू येत होता, पण तो मला बोलावत नव्हता. मी एक पूर्ण उदाहरण सोडवलं आणि दोन्ही बाजू जुळल्या. उठून कुणाला तरी सांगावं म्हणून उभी राहिले तर छातीत कुणी बत्ता चालवत असल्यासारखं धडधडत होतं. हात थरथरत होते. जीभ टाळूला चिकटली होती आणि दात मी इतके आवळून धरले होते की जबडा दुखायला लागला होता. मी पुन्हा बसले, पुन्हा उठले. स्वयंपाकघरात जाऊन स्टीलचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, मग आवडले नाहीत म्हणून जाडीप्रमाणे लावले. दुपारी अडीचच्या सुमारास हे सगळं एकदम संपलं. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. रस्त्यावरून संत्रीवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज बसलेला आहे एवढ्यावरून मला रडू कोसळलं.

असं रोज होऊ लागलं. सकाळचे तीन-चार तास मला हवे तसे, पण त्यांच्या पोटात ती धडधड; आणि दुपारी तो खड्डा. मी काहीही खायला तयार नसायची. आईने आपलं सगळं कसब पणाला लावलं. गोळाभात केला, त्यावर लसणाची कडकडीत फोडणी. कोथिंबिरीचं सारण भरून सांभारवडी केली. भरताची वांगी निखाऱ्यावर भाजली, कारण गॅसवर ती चव येत नाही. मी घास तोंडात घ्यायची आणि तो तिथेच राहायचा, कागद चघळल्यासारखा.

"काहून वं, जेवून नाही राहिली?"

"मले भूकच नाही, आई."

"भूक लागाले काय तिले पत्रिका धाडू? खा दोन घास."

मग मी चिडायची, ताट सरकवायची, आणि ती ते झाकून ठेवायची. दर रविवारी दळण घेऊन चक्कीवर जाताना ती मला बरोबर नेऊ लागली. गव्हाचा डबा काट्यावरून उतरला की ती मला चढायला लावायची. चक्कीवाले काका म्हणायचे, "वहिनी, हे पण दळायचं का?" आई हसायची नाही. काटा पहिल्या रविवारी जिथे थांबला त्याच्या दोन किलो खाली तो तिसऱ्या रविवारी थांबला. घरी येईपर्यंत ती पिठाचा डबा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत राहिली आणि दारात आल्यावर म्हणाली, "मले नाही पाहिजे ते अकाउंट. हाडं दिसून राहिली पोरीची. बंद कर ते औषध."

मी म्हटलं, "नाही." आयुष्यात मला इतकं ठाम उत्तर तिला कधी द्यावं लागलं नव्हतं. कुणी मला विचारलं असतं की रोज छाती फुटेस्तोवर धावशील का, तर त्या तीन तासांसाठी मी धावले असते. पण धावता येईल असं दिसत नव्हतं. पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, वजन पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्या थोड्या मात्रेत एवढा त्रास व्हायला नको, म्हणाल्या. हृदयाचा आलेख काढून घेतला. तो ठीक आला. आणखी एक आठवडा पाहू, पण त्रास असाच राहिला तर ही गोळी बंद करावी लागेल. परीक्षा तोंडावर आली होती. बाबा आधीच बोलून चुकले होते की या खेपेला विषय निघाला नाही तर शिक्षण पुरे. ते रागाने बोलले नव्हते, थकून बोलले होते, आणि म्हणून मला ते खरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात रामटेकला मामेबहिणीचा साखरपुडा होता. आदल्या दिवशी आई आणि मी गेलो. साखरपुड्याच्या सकाळी आई मामासोबत गडावर दर्शनाला गेली आणि मी मामीच्या हाताशी घरी राहिले. गोळी घ्यायची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं की खल नागपूरला राहिला. मी मामीला म्हटलं, पाट्यावर कुटून घेते. मामी पंचवीस माणसांच्या स्वयंपाकात होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"पाट्यावर आताच ठेचा वाटला वं बाई. त्याच्यावर औषध वाटशीन तं पाहुण्यायसमोर नाचशीन."

"मग कशी घेऊ?"

"गिळ. येवढी घोडी झाली, लग्नाची झाली, अन् गोळी कुटून मागते!" असं म्हणून तिने पिकलेल्या केळ्याचा तुकडा मोडला, त्यात माझी गोळी खुपसली आणि तो माझ्या तोंडात कोंबला. मला भ्यायला वेळच मिळाला नाही. वरून पाण्याचा तांब्या हातात दिला आणि ती पुऱ्या तळायला गेलीसुद्धा.

मी त्या दिवशी रांगोळी काढली, पानं मांडली, पाहुण्यांना सरबत दिलं. दुपारी पंगतीत दोन पुऱ्या खाल्ल्या. जास्त नाही, पण खाल्ल्या. आई समोर वाढत होती. तिचा हात श्रीखंडाच्या पातेल्यावरच थांबला. संध्याकाळी बस पकडायला निघेपर्यंत मला रडू आलं नाही, कुणाचा राग आला नाही, आणि छातीत काही असतं हे मी दिवसभर विसरूनच गेले होते. आईने त्याचा अर्थ लगेच लावला. "रामटेकचं पाणी मानवलं तुले," असं म्हणून तिने मामाच्या विहिरीचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून घेतलं. बसमध्ये कॅन तिने मांडीवर धरला होता, लहान मूल धरावं तसा.

सोमवारी सकाळी मी रामटेकच्या पाण्यात शिजवलेला उपमा खाल्ला, रामटेकचं पाणी प्यायले, गुलकंदातली पूड घेतली, आणि दहाच्या आत माझे दात पुन्हा आवळले गेले. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालताना मी विचार करत होते, आणि त्या विचाराबद्दल मी त्या गोळीची ऋणी आहे, कारण तिच्याविना तो मी शेवटापर्यंत नेला नसता. दोन दिवस समोरासमोर ठेवायचे आणि जे सारखं आहे ते खोडत जायचं. ताळेबंद जुळत नसला की मी आजही हेच करते. गोळी तीच, त्याच पाकिटातली. पाणी तेच. नाश्ता जवळपास तेवढाच. लग्नघरातली गडबड? तिने धडधड वाढायला हवी होती, कमी नव्हे. उरलं केळं आणि उरला खल. केळ्यात एवढी ताकद असती तर डॉक्टरीणबाईंनी केळंच लिहून दिलं असतं.

बाबा ऑफिसला निघाले होते. मी त्यांना दारातच अडवून त्यांच्या मोबाइलवरून दवाखान्यात फोन लावायला लावला. डॉक्टरीणबाई लाइनवर आल्यावर बाबांनी विचारलं की गोळी आम्ही कुटून देतो, ते चालतं ना? मग त्या जे बोलतील ते एकेक वाक्य आमच्यासाठी मोठ्याने म्हणू लागले. ऑफिसात डिक्टेशन घ्यायचे तसे.

"ही गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते... हो... कुटली की पूर्ण दिवसाचं औषध एकाच वेळी अंगात जातं... हो मॅडम... म्हणून सकाळी धडधड अन् दुपारी काहीच उरत नाही... उद्यापासून अख्खीच... अन् अख्खी गिळता येत नसेल तं ही गोळी तिच्यासाठी नाही."

बाबांनी फोन ठेवला. आईने गॅस बंद केला. "बाई म्हणाल्या होत्या चावू नका," ती म्हणाली. "मी कुठं चावू देली?" मग बाबांकडे वळून, "म्हणजे इतके दिवस मीच देऊन राहिली होती का पोरीले तो तरास?"

"अवं, तुले काय माहीत होतं? मलेही नव्हतं," बाबा म्हणाले.

मी तिला बरं वाटावं म्हणून घाईने सांगितलं की मी अख्खी गिळू शकते, रामटेकला मामीने केळ्यात घालून दिली होती. त्याचा परिणाम उलटा झाला.

"वहिनीनं? अख्खी? अन् मी गडावर? काही झालं असतं तं?" तिचा चेहरा लाल झाला होता. "तिले काय, तिनं पाह्यलं नाही तुले तशी. मी पाह्यलं. तुही मान अशी मागं गेली होती. मी नाही देत अख्खी. ते औषध बंद झालं तरी चालते मले."

"मले नाही चालत, आई."

 मला वाटलं ती आता ओरडेल. बाहेर बोअरवेलचं मशीन खडकाला लागल्यासारखं किंचाळत होतं, माझा पाय हलत होता, आणि त्या सोमवारच्या पुडीने माझं हृदय अजूनही पळत होतं. तिने माझा हात धरून मनगटावर बोटं ठेवली. डॉक्टरीणबाई ठेवायच्या तशी नाही, सगळ्या पंजाने, मनगट मुठीत घेऊन.  मग म्हणाली, "उद्या माह्यासमोर घेजो."

दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर मी स्टुलावर बसले. केळं होतं, पाण्याचे दोन ग्लास होते, बाबा दाढी अर्धी टाकून दारात उभे होते, चेहऱ्याला साबण तसाच. आई माझ्या मागे उभी होती, उजवा हात वर उचललेला, माझ्या पाठीत घालायच्या तयारीत. मी घास गिळला. पाणी प्यायले.

"गेली?"

"गेली."

"बोल काही."

"काय बोलू?"

"काही बी बोल. आवाज आला पाहिजे. पाढे म्हण."

मी एकोणतीसचा पाढा म्हटला, कारण तो अवघड असला तरी मला येतो. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद होईपर्यंत आईचा हात वरच होता. तो खाली आला तेव्हा ती दुसऱ्या हाताने खांदा चोळत म्हणाली, "अवघडला वं मेला." बाबा हसले आणि साबण त्यांच्या तोंडात गेला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. धडधड गेली आणि दुपारचा खड्डाही बुजत बुजत संध्याकाळचा एक उतार तेवढा उरला. पण दुपारची भूक मेली ती मेलीच, तोंड कोरडं पडायचं ते पडायचंच, आणि झोप तासभर उशिरा यायची. या गोष्टी औषधाबरोबरच येणार होत्या. आम्ही त्यांच्याशी घासाघीस केली. गोळी आणखी लवकर घेतली म्हणजे रात्री ती लवकर सोडून जाते. पाण्याची बाटली सतत जवळ. आणि जेवण, तर आईने एके दिवशी जाहीर केलं की भूक सकाळीच लागते ना, मग जेवण सकाळीच. आमच्या घरी सात वाजता वरण, भात, भाजी, पोळी असा पूर्ण स्वयंपाक होऊ लागला. मी गोळीआधी पोटभर जेवायची. बाबांनाही तेच वाढलं जायचं आणि ते ऑफिसात अकरा वाजता टेबलावर डुलक्या घेत. संध्याकाळी औषध उतरलं की मला वखवखल्यासारखी भूक लागायची; त्या वेळेला आई आलूची भाजी आणि भाकर तयार ठेवायची आणि मी काय खाते हे न बघता दुसऱ्या खोलीत निघून जायची. तिला न बघणं किती कठीण जात असेल हे मला माझ्या मुलीच्या ताटासमोर बसू लागल्यावर समजलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. वजन आणखी उतरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नाडी मोजली, मग खात्री करायला पुन्हा मोजली, आणि म्हणाल्या, "छान. गोळी चालू ठेवू." मी खुर्चीतून उठलेसुद्धा. आई उठली नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, "बाई, मी कुटून देली त्याच्यानं हिच्या छातीले कायमचं काही तं नाही झालं नं?"

"काही झालेलं नाही. आलेख तुम्ही पाहिलात ना? आणि ते तिनेच शोधून काढलं, हे विसरू नका."

"नाही विसरत. तिनंच काढलं," आई म्हणाली. 

कोपऱ्यावर तर्री पोह्यांचा ठेला होता. दुपारचा एक वाजला होता, म्हणजे मला भूक असण्याचा प्रश्नच नव्हता. आई म्हणाली, "तुले नाही लागली, मले लागली," आणि बाकावर बसली. मला नवल वाटलं, कारण ती बाहेर कधी खात नसे. ठेलेवाल्याने पोह्यांवर लालभडक तर्री ओतली, चणे, कांदा, लिंबू. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. नाकाला पाणी आलं ते पदराने पुसलं. मग दुसरा घास, मग तिसरा, घाईघाईने, प्लेट जवळ ओढून. ती संपवून तिने आणखी एक मागवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हसू नको." मी हसत नव्हते. त्या महिन्यात तिची गालफडं किती बसली होती ते मी बघत होते. ब्लाउजची बाही दंडावर सैल झाली होती. रस्त्यावरून ऑटो जात होते, पलीकडे कुणीतरी शटर ओढत होतं, बाकाखाली माझी टाच एकसारखी हलत होती. मी बाटलीतलं पाणी घोट घोट पीत बसले आणि आईला जेवताना पाहिलं, शेवटचा चणा उचलेपर्यंत.